सुतळीचं अस्वल

"अस्वल शिवून द्याल का?"

हे वाक्य मी शाळेपासून चौकापर्यंत चार वेळा मनात घोळवलं होतं. टिकाराम शिंप्याच्या दुकानासमोर उभं राहून ते एकदाचं म्हटलं, आणि म्हटल्याबरोबर वाटलं, ते मनातच बरं होतं.

टिकारामनं मशीनवरचा पाय थांबवला. चष्मा कपाळावर सरकवला.

"काय म्हणता जी, गुरुजी?"

"अस्वल… म्हणजे अस्वलाचा पोशाख. शाळेच्या नाटकासाठी. सव्वीस जानेवारीला. पोत्याचा करायचा, वरून सुतळीचे केस लावायचे…"

"इथं मानसाइचे कपडे होऊन नाही राहिले, आता जनावराचं माप घेऊ?" टिकाराम म्हणाला. "अन् पोतं मशीनखाली घातलं तर सुई तुटल. सुई तुटली तर लगनाचे कपडे काय दातानं शिवू?"

कोणीतरी हसलं.

दुकानाच्या आतल्या बाकावर एक मुलगी तान्ह्या बाळाची झबली आणि टोपरी घडी करून पिशवीत भरत होती. मला ती दिसलीच नव्हती. ओठ घट्ट मिटून तिनं हसू आवरलं होतं, पण ते डोळ्यांतून बाहेर आलं होतं.

"हासून काहून राहिली वो, सत्यभामा?" टिकारामनं विचारलं.

"कुठं हासून राहिली?" ती म्हणाली. पिशवी उचलून ती माझ्या शेजारून बाहेर पडली, आणि माझ्याकडे न पाहता, जणू रस्त्याला सांगावं तसं म्हणाली, "अस्वल कोनी मशीनवर शिवते का? ते हातानंच होते."

एवढंच. पण त्या दिवशी दुकानातून परतताना मला वाट नीट आठवत नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जवस फुलला होता, हे मात्र आठवतं. इतका निळा मी तो आधी कधी पाहिला नव्हता.

हे एकोणीसशे एकोणऐंशीच्या जानेवारीतलं. मी चोवीस वर्षांचा होतो आणि आसगावच्या प्राथमिक शाळेत मास्तर होऊन मला दीड वर्ष झालं होतं. घरचा धंदा विणकामाचा. वडील, काका, दोघे भाऊ, सगळे मागावर. मी बसलो की धागे तुटायचे. वडिलांनी एक दिवस शांतपणे सांगितलं, "इश्वर, तू पुस्तकंच वाच बाबा," आणि मी वाचत राहिलो. वाचता वाचता मास्तर झालो, आणि त्या वर्षी धीर करून मुलांसाठी एक नाटक लिहिलं. जंगलातून मोहफुलांच्या वासानं गावात आलेलं एक अस्वल, त्याला घाबरणारी माणसं, आणि शेवटी त्याच्याशी मैत्री करणारा एक लाकूडतोड्या. लिहिलेलं कोणाला दाखवण्याची ती माझी पहिली वेळ होती.

आमचे हेडमास्तर कृष्णराव भला माणूस. त्यांनी वही वाचली, चष्मा पुसला आणि सात रुपये हातावर ठेवले.

"एवढ्यात बसव. पण अस्वल अस्वलासारखं दिसलं पाहिजे, इश्वर. लोक हसले तर दरवर्षीसारखी भाषणं ठेवू."

सात रुपयांत सुतळीचे गोळे आले, दोरा आला आणि पोती शिवायचं जाडजूड दाभण आलं. पोती मात्र फुकट मिळाली. धनीराम तांदळाचे व्यापारी, त्यांच्या दुकानामागं उंदरांनी कोपरे खाल्लेल्या पोत्यांचा ढीग पडला होता. "न्या जी, गुरुजी. उंदरानं उष्टी केलेली आहेत, पैसे कायचे घ्याचे?" असं म्हणून त्यांनी पाच पोती दिली. त्या उंदरांचे आभार मानायचे माझ्याकडून राहूनच गेले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी ओसरीवर उन्हात पोतं पसरून बसलो. सुतळीचे वीतभर तुकडे करायचे, पीळ सोडवून पिंजायचे, त्यांचा झुपका करायचा आणि पोत्यावर दोन टाके घालून गाठ मारायची. मानेपासून सुरुवात केली होती. तीन ओळी झाल्या होत्या आणि बोटाला दोन ठिकाणी दाभण लागलं होतं.

"हे काय लावून ठेवलं जी?"

मी वर पाहिलं. सत्यभामा उभी होती. पहिलीतल्या एका मुलीचं बोट धरून.

"केस," मी म्हणालो.

"वरून खाली?"

"मग… कसे?"

"छप्पर शाकारताना गवत वरून खाली घालतात का?"

तिनं खाली बसून एक झुपका बोटानं उचलून दाखवला.

"पाहा ना. वरची ओळ आधी लावली, तर खालच्या ओळीच्या गाठी उघड्या पडून राहिल्या. खालून सुरू करा लागते. पायापासून. मंग प्रत्येक ओळ खालच्या गाठी झाकत जाते." आणि मग, अगदी सहज, "उसवा."

"सगळं?"

"तीनच तर ओळी आहेत. पुऱ्या अस्वलाच्या झाल्यावर सांगितलं असतं तर?"

मी उसवायला लागलो. ती गेली नाही. ती मुलगी तिची भाची, ती अंगणात खेळायला पळाली आणि सत्यभामा ओसरीच्या पायरीवर बसली. तिथंच बेबीबाई झाडत होती. शाळेची साफसफाई ती करायची, आणि गावातल्या सगळ्या बातम्यांचीही. तिनं झाडू हळू केला.

"मी आहो इथंच," बेबीबाई म्हणाली. "पन माह्यं ध्यान कचऱ्यात आहे."

हळूहळू कळत गेलं. सत्यभामा पवनीची. घरी हातमाग. मोठी बहीण शोभाताई धनीरामांना दिलेली. तिचं दुसरं बाळंतपण इथंच झालं, म्हणून मदतीला धाकटी आली होती. सव्वा महिना झाला की जायची. तो सव्वा महिना नेमका सव्वीस जानेवारीच्या सुमारास पुरा होत होता.

भाचीला न्यायला ती रोज साडेचारला यायची. पहिल्या दिवशी पाव तास थांबली. दुसऱ्या दिवशी अर्धा. तिसऱ्या दिवशी येताना तिनं स्वतःची सुई आणली होती.

घोट्यापर्यंत एक पाय माझ्याकडे, एक तिच्याकडे. दाभण मात्र एकच होतं. जाड शिवणीला ते लागायचं, म्हणून ते तिच्या हातातून माझ्या हातात आणि माझ्या हातातून तिच्या हातात फिरायचं. हात लागायचा नाही. पण दाभण माझ्याकडे यायचं तेव्हा ते गरम असायचं… आणि मी ते लगेच वापरायचो नाही.

"तुमी कोष्ट्याचे ना जी?" तिनं एकदा विचारलं. "मंग टाका असा वाकडा काहून?"

"मी लहानपणापासून पुस्तकात."

"पुस्तकात टाके नसतात का?"

"असतात की," मी म्हणालो. "पाठीला. जुनी पुस्तकं शिवलेली असतात."

ती हसली. माझ्या बोलण्यावर कोणी मुलगी हसली, आणि मला वाईट वाटलं नाही, हे पहिल्यांदाच घडत होतं.

"अन् मले 'तुम्ही' म्हणून नका राहू," ती पुढं म्हणाली. "कोनी मोठी बाई मांगं उभी आहे असं वाटते."

"बरं," मी म्हणालो. पण 'तू' काही तोंडातून निघेना. मग मी तिला काहीच म्हणेनासा झालो. नुसतंच "हे धरायचं का?" आणि "दोरा संपला" असं. बेबीबाई झाडता झाडता म्हणाली, "गुरुजी अस्वलाशी बोलून राहिले का तुह्याशी, समजत नाही वो बाई." त्यावर सत्यभामा खाली मान घालून टाके घालत राहिली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या. मी पुष्कळ वेळ त्या पाहिल्या नाहीत, असं म्हणालो तर ते खोटं होईल.

मला टाका शिकवायची तिची पद्धत वेगळी होती. ती सांगायची नाही. माझ्या ओळीच्या वर स्वतःची एक ओळ घालायची, आणि मला पुढची घालायला लावायची. "खालची पाहून घाला." एक तिची, एक माझी. पोटापर्यंत आलो तेव्हा माझे टाके सरळ व्हायला लागले होते. मला ते कळलंही नाही. कळलं ते तिच्या गप्प बसण्यावरून. ती आता उसवा म्हणत नव्हती.

डोकं केलं बांबूच्या टोपलीचं. तिच्यावर पोतं ताणून शिवलं, नाकाला नारळाची करवंटी. डोळ्यांसाठी टिकारामनं काळ्या कोटाची दोन बटणं आपणहून आणून दिली. "मशीन नाही दिली, डोळे तरी देतो," म्हणाला.

एक दिवस तिनं नाटकाची वही मागितली. सातवी पास होती, वाचायची आवड होती. दुसऱ्या दिवशी वही परत आणली आणि ती माझ्यासमोर न ठेवता हातातच धरून राहिली.

"शेवटी ते जाते काहून?"

"कोण?"

"अस्वल. लाकूडतोड्या विचारते, 'राहशील का आमच्याकडं?' अन् ते मान हलवून 'नाही' म्हणते. चाललं जंगलात."

"अस्वलानं जंगलातच राहायला पाहिजे," मी म्हणालो. खरं तर मला वाटायचं, दुःखाचा शेवट केला की लेखक मोठा वाटतो.

"त्याले तसं वाटते, हे तुमाले कोनं सांगितलं?" तिनं वही माझ्यासमोर ठेवली. "प्रश्न बी तुमीच विचारता, अन् त्याचं उत्तर बी तुमीच लिहून ठेवता. समोरच्याले बोलू तर द्या."

ते ती अस्वलाबद्दल बोलत होती. निदान मी तशी समजूत करून घेतली.

सव्वीस तारखेच्या आधीच्या शनिवारी केस लावून पुरे झाले. मी अस्वल उचलून कृष्णरावांसमोर नेलं. त्यांनी ते पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

"काम छान आहे, इश्वर. पण रंग… हे अस्वल आहे की म्हातारी बकरी?"

सुतळीचा रंग कोण बदलणार? मला सुचलंच नव्हतं. इतके दिवस मी त्या फिकट भुऱ्या जनावराकडे पाहत होतो आणि मला ते काळंच दिसत होतं.

सत्यभामा म्हणाली, "हिरडा आणा. अन् गंजलेले खिळे."

हिरडा जंगलातून बेबीबाईनं आणला, खिळे शाळेच्या मोडक्या बाकांचे निघाले. रविवारी सकाळी तलावाच्या काठावर तीन दगडांची चूल मांडली. धान उकडायचा मोठा गंज धनीरामांच्या घरून आला. हिरड्याचं पिवळट पाणी, त्यात खिळे भिजवलेलं पाणी ओतलं आणि बघता बघता सगळं काळं झालं. पाण्यावर ऊन होतं, आणि हवेत कडवट, तुरट वास. अस्वल आम्ही अख्खंच आत सोडलं. ती एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं, काठीनं बुडवत, हातानं पिळत.

"आमच्याकडं आधी सूत रंगवतात, मंग विणतात," ती पिळता पिळता म्हणाली. "आपण उलटंच केलं."

"त्यानं काय होतं?"

तिनं काठी गंजात पुन्हा फिरवली. "काही नाही होत… बहुतेक."

अस्वल काळंभोर झालं. आम्ही दोघंही झालो. मनगटापर्यंत. राखेनं घासलं, चिंचेनं घासलं, हात काही उजळेनात. तिनं आपले हात पुढं करून पाहिले, मग माझ्या हातांकडे पाहिलं आणि इतकी हसली की तिला काठावर बसावं लागलं. मीही हसलो. त्या हसण्याची आम्हाला किंमत पडणार होती, हे तेव्हा माहीत नव्हतं.

सोमवारी वर्गात फळ्यावर लिहायला हात उचलला आणि पहिल्या बाकावरून प्रश्न आला, "गुरुजी, तुमचे हात काहून काळे झाले?"

"शाईनं," मी म्हणालो.

"सत्यभामा मावशीचे बी शाईनंच झाले का जी?"

सगळा वर्ग हसला. विहिरीवर बायकाही तसंच हसल्या असतील. दोन माणसांच्या हातांवर एकच रंग, आणि तो काही दिवस जाणार नाही. गावाला आणखी काय पाहिजे?

संध्याकाळी धनीराम शाळेत आले. आवाज चढवणारा माणूस नव्हता तो. म्हणून जास्त अवघड गेलं.

"वाईट वाटून नका घेऊ, गुरुजी. पोरगी दुसऱ्याची आहे, माह्या भरोशावर ठेवली आहे. शनिवारच्या एस.टी.नं पवनीले पोचवून देतो. तिचे बाबा स्थळ पाहून राहिले. जवाहरनगरच्या कारखान्यातला मुलगा आहे, नोकरी पक्की आहे, क्वार्टर आहे…"

"हो," मी म्हणालो.

तेवढंच म्हणालो. खोलीवर आलो, पुस्तक उघडलं, मिटलं. नोकरी पक्की, क्वार्टर. माझ्याकडे भाड्याची एक खोली आणि दोन ट्रंका पुस्तकं. तिला विचारलं तर ती काय म्हणेल, हे मी तिला न विचारताच ठरवून टाकलं. तिचं उत्तर मीच लिहून ठेवलं.

मंगळवारपासून भाचीला न्यायला शेजारची एक म्हातारी येऊ लागली.

गुरुवारी दुपारी अस्वल पुरतं वाळलं. नाटकात मी अस्वल होणार होतो. अस्वलाला एकही वाक्य नव्हतं, तोंड झाकलेलं होतं, माझ्यासारख्याला ते बरं होतं. लाकूडतोड्या सातवीतला एक मुलगा होता. मी पोशाखात पाय घातला. पाय कसाबसा गेला. खांद्याशी सगळं अडलं. बेबीबाईनं मागून ओढलं, पुढून ओढलं, शेवटी कपाळावरचा घाम पुसत ती मागं सरली.

"आटलं जी गुरुजी. गरम पाण्यात पोतं आटते ना. तुमाले आता हे नाही बसत." तिनं अस्वलाला वरून खाली न्याहाळलं. "वीतभर लहान मानूस पाहिजे. सडपातळ. अन् पोरासोराइचं काम नाही, त्याइले मोठं होते."

आणि ती झाडू तिथंच टाकून कुठंतरी निघून गेली.

शुक्रवारी सकाळी झेंडा झाला, जिलेबी झाली, अर्धं गाव पटांगणात सतरंज्यांवर बसलं. दुपारी नाटक. मी मागच्या वर्गखोलीत त्या आटलेल्या अस्वलासमोर बसलो होतो. कृष्णरावांना अजून सांगितलं नव्हतं. त्यात भर म्हणून लाकूडतोड्या झालेल्या मुलाला जिलेबी बाधली होती. त्याची वाक्यं मलाच म्हणावी लागणार होती, कारण ती दुसऱ्या कोणाला पाठ नव्हती.

मागचं दार लोटलं गेलं.

"मले बसते का पाहू," सत्यभामा म्हणाली.

पाच दिवसांनी तिला पाहत होतो. मला उभं राहायचंही सुचलं नाही.

"इथं… कसं…"

"शोभाताईले सांगितलं, बाळाचे लंगोट आणाले घरी जाऊन राहिली. लवकर करा. किती वेळ लंगोट आणू?"

"धनीरामजींना कळलं तर?"

"अस्वलाले कोन ओळखते?"

ते तिला बसलं. जणू तिचंच माप घेऊन शिवलं होतं. पंजे करायला पोतं उरलं नव्हतं, पण तिचे हात काळेच होते. डोक्यावर टोपली चढवण्याआधी तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात चेष्टा नव्हती.

"गुरुजी," ती म्हणाली, "आज तरी…" आणि पुढं न बोलता तिनं टोपली घातली.

अस्वल पटांगणात आलं तेव्हा पुढच्या रांगेतली मुलं किंचाळून मागं पळाली. कोणीही हसलं नाही. कृष्णरावांनी दुरून मला मान डोलावून दाखवली. अस्वल जमिनीवर सांडलेली मोहफुलं शोधत फिरलं, मुलांना हुंगलं, उन्हात लोळलं. सुतळीचा एक केस उडाला नाही, एक गाठ दिसली नाही. मी कुऱ्हाड खांद्यावर घेऊन माझी वाक्यं म्हणत होतो. आवाज कापत होता, पण लाकूडतोड्या अस्वलाला भ्यायलाच हवा होता, म्हणून ते खपून गेलं.

शेवट आला. सगळी मुलं बाजूला झाली. मी आणि ते, एवढेच उरलो.

"राहशील का आमच्याकडं?" मी विचारलं.

यावर अस्वलानं मान हलवून 'नाही' म्हणायचं होतं. पण त्याआधीच मी पुन्हा बोललो. हे वहीत नव्हतं. पाच-सहा पावलांवर अर्धं गाव बसलं होतं आणि मला त्या बटणांच्या डोळ्यांपलीकडं काही दिसत नव्हतं.

"तू उद्या जाणार, मला माहीत आहे. माझ्याकडे काही नाही. एक खोली आहे… पुस्तकं आहेत. पण तू गेल्यावर मला करमणार नाही. हे मी आधीच विचारायला पाहिजे होतं. उत्तर मी लिहून ठेवलेलं नाही. राहशील का?"

टोपलीच्या आत तिचा श्वास ऐकू येत होता. अस्वल हललं नाही. मला वाटलं, झालं… मग करवंटीचं ते नाक हळूच खाली झुकलं. एकदा. आणि नीट कळलं की नाही अशी शंका असल्यासारखं, दुसऱ्यांदा. टोपली घसरायला लागली तशी तिनं ती दोन्ही काळ्या हातांनी धरली.

मुलं ओरडली. टाळ्या झाल्या. पडद्यामागं कृष्णराव म्हणाले, "शेवट बदललास का रे?"

"अस्वलानं बदलला, सर," मी म्हणालो.

बायकांच्या बाजूला शोभाताई बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या. अस्वलाच्या हातांकडे पाहत होत्या. मग त्यांनी धनीरामांची बाही ओढली आणि त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. धनीरामांनी डोक्यावरची टोपी काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शोभाताई माझ्या खोलीच्या दारात उभ्या. कडेवर बाळ, मागं सत्यभामा, नजर जमिनीला.

"ह्याइचं अंग दुखून राहिलं म्हणते, एस.टी.चा प्रवास होत नाही म्हणते," शोभाताई धनीरामांबद्दल म्हणाल्या. "पवनीले आमच्यासंगं तुमीच चला. अन् ते अस्वल बी घ्या."

"अस्वल… कशाला?"

"बाबाले तोंडानं सांगितलेलं समजत नाही. हातात द्या लागते."

धनीरामांना आपला राग गिळावा लागला असेल. त्यांनी तो कसा गिळला, मला माहीत नाही. पण दुखणारं अंग घेऊन ते आम्हाला एस.टी.पर्यंत सोडायला आले होते आणि अस्वलाचं गाठोडं त्यांनीच टपावर चढवलं. या एका कामासाठी मी त्यांना जन्मभर मानत आलो.

सत्यभामेचे वडील जागेश्वरबाबा मागावर बसले होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, हातातली ओळ पुरी केली, मगच उठले. शोभाताईंनी त्यांना बाजूला नेऊन हळू आवाजात सगळं सांगितलं. ते माझ्यासमोर येऊन बसले.

"मागावर बसता येते?"

"नाही."

"कोष्ट्याच्या पोटचा असून?"

"धागे तुटतात," मी म्हणालो. खोटं बोलायचं धैर्य माझ्यात कधीच नव्हतं.

त्यांनी गाठोड्याकडे बोट दाखवलं. मी अस्वल त्यांच्यासमोर पसरलं. मला वाटलं, ते केस पाहतील, रंग पाहतील. त्यांनी ते सरळ उलटं केलं. आतली बाजू बाहेर काढली, मांडीवर घेतली आणि चष्मा लावला. विणकर कापड तसंच पाहतो, हे मला घरचं असून आठवलं नव्हतं.

त्यांचं बोट पायापासून निघालं.

"हा पाय कोनाचा?"

"माझा."

"दिसतेच." बोट दुसऱ्या पायावर गेलं. "हा हिचा." ते एकेक ओळ वर चढत गेले. "ही तुमची. ही हिची. ही तुमची… इथं दोरा ओढून घेतला तुमी, घाई केली. ही हिची." गुडघा झाला, मांडी झाली. कंबरेपाशी त्यांचं बोट हळू झालं. पोटावर एका ओळीपाशी थांबलं, मागं आलं, पुन्हा पुढं गेलं. खोलीत फक्त बाळाचा चुळबुळण्याचा आवाज होता. सत्यभामा दाराला टेकून उभी होती. छातीवर आल्यावर त्यांनी चष्मा काढला, धोतराला पुसला आणि पुन्हा लावला.

"सत्यभामा, इकडं ये."

ती आली.

"ह्या खांद्यातल्या ओळी. तुह्या कोनत्या, दाखव."

तिनं वाकून पाहिलं. बोट ठेवलं, उचललं, दुसरीकडं ठेवलं. मीही पाहत होतो. मलाही कळत नव्हतं. तेच अंतर, तीच गाठ, तोच ताण.

"नाही सांगता येत, बाबा," ती म्हणाली.

जागेश्वरबाबांनी अस्वल पुन्हा सरळ केलं. खांद्यावरचे केस तळहातानं खाली बसवले, जसं कोणी दमून आलेल्या गुराच्या पाठीवरून हात फिरवावा. मी वाकून त्यांच्या पायांना हात लावला. त्यांनी माझा हात धरला, उलटा करून तळव्यावरचा काळा रंग पाहिला आणि सोडला नाही.

"जवाहरनगरवाल्याइले चिठ्ठी टाका लागल," ते शोभाताईंना म्हणाले. मग सत्यभामेकडे वळून, "चहा ठेव. अन् ह्याइच्या कपात साखर जास्त टाक."